परीक्षेतील अंदाज आणि व्यापाऱ्याचा हिशेब

रब्बीचा माल बाजारात उतरू लागतो, त्याच सुमारास आपल्या घराघरांत परीक्षांचा मोसम सुरू होतो. वडील मंडळी हरभऱ्याची आवक मोजीत असतात आणि मुले उरलेले दिवस मोजीत असतात. आमच्या पिढीच्या परीक्षेत प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर पान कोरे राही. न येणाऱ्याला लिहिण्याजोगे काहीच नसे. आजच्या बहुतेक प्रवेश-परीक्षांत मात्र प्रश्नाखालीच चार उत्तरे छापलेली असतात. त्यांतील एक बरोबर व तीन चूक. ज्याला विषयाचा गंधही नाही, त्यालाही उत्तर देता येते. म्हणून प्रत्येक घरात एकच प्रश्न ऐकू येतो : जे येत नाही त्याचे उत्तर अंदाजाने द्यावे, की ती जागा कोरी सोडावी? शिकवणीचे एक गुरुजी म्हणतात, ‘एकही प्रश्न सोडू नका’. दुसरे म्हणतात, ‘खात्री नसेल तर हात लावू नका’. मूल बिचारे दोघांच्या मध्ये गोंधळून जाते.

प्रस्तुत लेखकाचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. पुढचे सर्व शिक्षण तराजूपाशी आणि वखारीत झाले. तथापि या प्रश्नाचे उत्तर देण्यास जे गणित लागते, ते आपण व्यापारी लोक रोज नकळत करीत असतो. त्याला शास्त्रात ‘सशर्त संभाव्यता’ असे भारदस्त नाव आहे. एखादी गोष्ट कळली असता दुसऱ्या गोष्टीचा संभव किती बदलतो, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या चिक्कडपल्लीत हा विषय केवळ शाळकरी मुलांपुरता राहिलेला नाही. येथील सिटी सेंट्रल लायब्ररीत आणि लगतच्या अशोकनगरच्या शिकवणी-वर्गांत तेलंगणच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले शेकडो तरुण सरकारी नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करीत बसलेले असतात. त्यांच्यापैकी कित्येकांनी ‘ग्रुप-१’ची एकच पूर्वपरीक्षा तीन वेळा दिली. ती प्रथम १६ ऑक्टोबर २०२२ रोजी झाली व प्रश्नपत्रिका फुटल्याने मार्च २०२३ मध्ये रद्द झाली. ११ जून २०२३ रोजी पुन्हा झाली व त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. शेवटी ९ जून २०२४ रोजी तिसऱ्यांदा झाली. ज्यांच्या हाती इतके थोडे आहे, त्यांनी निदान जे हाती आहे त्याचा हिशेब तरी चोख ठेवावा, असे त्यांच्याकडे पाहून वाटते.

नफा-तोट्याची सीमा

प्रथम निरनिराळ्या परीक्षांचे नियम पाहू. जेईई मेन आणि नीट या परीक्षांत बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात व चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. आपल्या व्यापारी घरांतील मुले-मुली ज्या सी. ए. फाउंडेशन परीक्षेला बसतात, तिच्या तिसऱ्या व चौथ्या पत्रिकेत एका गुणाच्या प्रश्नामागे चुकीला पाव गुण जातो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचा प्रश्न २ गुणांचा असून चुकीला त्याचा तिसरा हिस्सा वजा होतो. महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी आणि पूर्वी एमसेट म्हणून ओळखली जाणारी तेलंगणची ईएपीसीईटी यांत मात्र कापाकापी नाही.

शेवटच्या दोन परीक्षांविषयी वाद नाही. जेथे तोटाच नाही, तेथे जागा कोरी सोडणे म्हणजे फुकट मिळणारा माल नाकारणे होय. उरलेल्या परीक्षांत हिशेब करावा लागतो. जेईईच्या चार प्रश्नांची उत्तरे डोळे मिटून दिली तर सरासरीने एक बरोबर येईल : ४ गुण जमा, ३ गुण नावे. चार प्रश्नांत १ गुण शिल्लक, म्हणजे प्रत्येक प्रश्नामागे पाव गुण नफा. एक उत्तर निश्चित चूक आहे असे ओळखता आले आणि उरलेल्या तिनांतून निवडले, तर सरासरी नफा दोन-तृतीयांश गुण होतो. दोन उत्तरे बाद करता आली तर तो दीड गुण होतो. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत आंधळ्या अंदाजाचा नफा बरोबर शून्य आहे, कारण तीन चुकांमागे २ गुण जातात आणि एका बरोबर उत्तराचे २ गुण येतात. तेथेही दोन उत्तरे बाद करता आली तर प्रश्नामागे दोन-तृतीयांश गुण पदरात पडतात.

याचे सोपे सूत्र असे : चुकीला जो दंड आहे, त्याला दंड व बक्षीस यांच्या बेरजेने भागावे. आपले उत्तर बरोबर असण्याचा संभव या संख्येहून अधिक असेल तर उत्तर द्यावे, कमी असेल तर सोडावे. जेईई, नीट व सी. ए. फाउंडेशन यांत ही सीमा एक-पंचमांश येते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत एक-चतुर्थांश येते. किती भावाखाली माल विकायचा नाही हे जसे आपण सकाळी पेढी उघडतानाच ठरवून ठेवतो, तशी ही सीमा मुलाने परीक्षेला जाण्यापूर्वीच मनाशी पक्की करून ठेवावी.

सरासरी आणि प्रत्यक्ष पदरी पडणारे

येथे एक इशारा दिला पाहिजे. सरासरी नफा आहे याचा अर्थ प्रत्येक वेळी नफा होईल असा नाही. समजा, जेईईच्या फक्त चार प्रश्नांवर मुलाने डोळे मिटून खुणा केल्या. चार प्रश्नांची चार-चार उत्तरे, म्हणजे एकूण २५६ प्रकार संभवतात. त्यांतील ८१ प्रकारांत चारही उत्तरे चुकतात व ४ गुण जातात. १०८ प्रकारांत एक बरोबर येऊन १ गुण शिल्लक राहतो. उरलेल्या ६७ प्रकारांत, म्हणजे शंभरांत सुमारे २६ वेळा, याहून मोठा नफा होतो. सरासरी नफ्याची बाजू असूनही शंभरांत सुमारे ३२ वेळा तोटाच पदरी येतो! मात्र असेच २० प्रश्न असतील तर शंभरांत ५८ ते ५९ वेळा नफा होतो, १९ वेळा हिशेब शून्यावर मिटतो आणि २२-२३ वेळा तोटा होतो. पुष्कळ लहान सौदे केले तर सरासरी आपल्या बाजूस येते. एखाद-दुसऱ्या सौद्यात ती हुलकावणी देते. हे व्यापाऱ्याला सांगावयास नको.

चारांतून दोन प्रश्न निवडण्याचे प्रकार सहा होतात, हे मोजण्याचे सर्वसामान्य सूत्र देणाऱ्या प्राचीन ग्रंथांत आपल्याच परंपरेतील महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’ची गणना होते, याचा येथे अभिमानाने उल्लेख करावासा वाटतो. इ. स. ८५० च्या सुमाराचा हा ग्रंथ राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड. ते कलबुर्गी जिल्ह्यात असून १९५६ पर्यंत आपल्या हैदराबाद संस्थानाच्याच मुलुखात होते. या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रसिद्ध केली. नाणी फेकण्याचे व फासे टाकण्याचे गणित पश्चिमेत पुढे वाढले हे खरे. पण प्रकार मोजण्याची पायरी आपल्याकडे त्याच्या कित्येक शतके आधी बांधली गेली होती.

परखीची साक्ष

आता मुख्य विषयाकडे वळू. वखारीत तुरीच्या १०० पोत्यांची थप्पी आहे असे समजा. त्यांपैकी ८० पोती कोरड्या कोठारातील आणि २० ओल लागलेल्या कोठारातील. पण हमालांनी ती एकत्र लावली आहेत आणि वरून सर्व सारखीच दिसतात. कोरड्या कोठाराच्या दहा पोत्यांत परखी घातली तर एकात किडका दाणा सापडतो. ओल्या कोठाराच्या दहांत सहा वेळा सापडतो. आपण एका पोत्यात परखी खुपसली आणि वानगीत किडका दाणा निघाला. हे पोते ओल्या कोठारातले असण्याचा संभव किती?

घाईने माणूस म्हणेल, ‘दहांत सहा’. दुसरा म्हणेल, ‘शंभरांत वीस’. पण खरा हिशेब असा : सर्व १०० पोत्यांत परखी घातली असती तर कोरड्यांपैकी ८ आणि ओल्यांपैकी १२ पोत्यांत किडका दाणा निघाला असता. एकूण २०, त्यांत ओल्या कोठाराची १२; म्हणून संभव शंभरांत ६०. येथे योगायोगाने ‘दहांत सहा’ हाच आकडा आला, पण तो निराळ्या वाटेने आला आहे. ओली पोती २० ऐवजी ५ असती, तर ९५ कोरड्यांतून साडेनऊ व ५ ओल्यांतून ३, असे साडेबारांत तीन, म्हणजे शंभरांत २४ एवढाच संभव राहिला असता. दाणा तोच, परखी तीच. पण थप्पीत आधी काय होते यावर साक्षीची किंमत ठरते. थॉमस बेझ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने हा विचार मांडला आणि तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला.

हेच माप परीक्षेला लावा. एका विद्यार्थ्याला १०० प्रश्नांपैकी ६० खरोखर येतात. उरलेल्या ४० प्रश्नांवर तो अंदाजाने खुणा करतो व त्यांतील सरासरी १० बरोबर येतात. कापाकापी नसेल तर त्याला ७० गुण पडतील. त्याचे एखादे बरोबर उत्तर उचलले तर ते ज्ञानातून आलेले असण्याचा संभव ७० पैकी ६०, म्हणजे शंभरांत सुमारे ८६. आता दुसरा विद्यार्थी घ्या. त्याला २० प्रश्नच येतात. उरलेल्या ८० पैकी २० अंदाजाने बरोबर येऊन त्याला ४० गुण पडतात. त्याच्या बरोबर उत्तरांपैकी निम्मी ज्ञानाची आणि निम्मी नशिबाची. दोघांच्याही कागदावरील बरोबर उत्तराची खूण सारखीच असते; पण तिच्यामागची पत सारखी नसते.

याच गणिताने गुणांवरून ज्ञानाचा अदमास काढता येतो. बरोबर उत्तरांतून चुकीच्या उत्तरांचा तिसरा हिस्सा वजा करावा. ४० बरोबर, ६० चूक, ६० चा तिसरा हिस्सा २०, बाकी २०. लोकसेवा आयोगाने दंड एक-तृतीयांश का ठेवला असावा, हे येथे सहज ध्यानात येते. चार पर्यायांत तेवढाच दंड आंधळ्या अंदाजाचा नफा पुसून टाकतो.

पेढे वाटण्यापूर्वी

ईएपीसीईटीत १६० प्रश्न व १६० गुण असतात आणि सर्वसाधारण वर्गाच्या विद्यार्थ्यास पात्रतेसाठी २५ टक्के, म्हणजे ४० गुण लागतात. आता मौज पाहा. ज्याने एकही प्रश्न न वाचता सर्व १६० जागी खुणा केल्या, त्याचीही सरासरी ४० च येते! अशा विद्यार्थ्याला पात्रता मिळण्याचा संभव निम्म्याहून किंचित अधिक आहे. म्हणजे केवळ ‘पात्र’ हा शब्द मुलाच्या अभ्यासाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. उलट ८० गुण पडले असतील, तर ते आंधळ्या अंदाजाने पडणे व्यवहारात अशक्य आहे. तेथे सुमारे ५३ प्रश्नांचे पक्के ज्ञान आहे असा अदमास निघतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. शंभर प्रश्न अंदाजाने सोडविले तर सरासरी २५ बरोबर येतात. पण एखाद्याला २१ आणि दुसऱ्याला २९ येणे ही अगदी नित्याची गोष्ट आहे. दहांपैकी सुमारे सात वेळा आकडा या दोन टोकांच्या दरम्यान कोठेही पडतो. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाला चार-पाच गुण अधिक पडले म्हणून घरात अबोला धरणे, लग्नकार्यात मुलाला टोमणे मारणे, किंवा एवढ्यावरून ‘याच्या हातून काही व्हायचे नाही’ असा निकाल देणे, हा गणिताचाही अडाणीपणा आहे आणि मनाचाही. ज्या फरकात नशिबाचा एवढा वाटा आहे, त्या फरकावर मुलाचे एक वर्ष, कित्येकदा त्याचा सारा आत्मविश्वास, आपण डावावर लावीत असतो. वानगीच्या एका मुठीवरून सबंध थप्पी परत पाठविणारा व्यापारी बाजारात फार काळ टिकत नाही.

साक्ष मात्र कधी कधी निर्णायकही असते. ४ जून २०२४ रोजी नीटचा निकाल लागला, तेव्हा काही विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७१८ व ७१९ गुण पडल्याचे दिसले. सर्व १८० उत्तरे बरोबर असतील तर ७२०. एक प्रश्न सोडला तर ७१६. एक चुकला तर ७१५. नियमाप्रमाणे गुण दिले असतील तर ७१८ पडण्याचा संभव शून्य. म्हणून तो आकडा दिसताच, नियमाखेरीज दुसरे काहीतरी घडले आहे, एवढे अनुमान कोणत्याही मुनिमाला पाटीवर करता आले असते. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने पुढे खुलासा केला की, वेळ वाया गेल्याबद्दल १,५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले होते. ते गुण मागे घेण्यात आले व अशा विद्यार्थ्यांसाठी २३ जून २०२४ रोजी फेरपरीक्षा झाली.

दोन उत्तरे गळाल्यानंतर

दूरदर्शन-संचावरील ‘कौन बनेगा करोडपती’ हा कार्यक्रम २००० सालापासून आपल्या घरांत पाहिला जातो. त्यातील ‘फिफ्टी-फिफ्टी’ या सवलतीत संगणक दोन चुकीची उत्तरे पुसून टाकतो. समजा, स्पर्धकाने मनात काहीही आधार नसता ‘क’ हे उत्तर धरले होते आणि पुसल्यानंतर ‘क’ व ‘ड’ उरले. आता ‘क’ ला चिकटावे, की ‘ड’ कडे वळावे?

संगणकाला स्पर्धकाच्या मनातले ठाऊक नाही. ‘क’ बरोबर असण्याचा मूळ संभव एक-चतुर्थांश; तसे असेल तर ते नक्कीच उरेल. ‘क’ चूक असण्याचा संभव तीन-चतुर्थांश. पण तीन चुकांपैकी एकच उरते, म्हणून चूक असून ‘क’ उरण्याचा संभव त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे पुन्हा एक-चतुर्थांश. दोन्ही पारडी सारखी. वळण्यात लाभ नाही आणि हानीही नाही. परंतु स्पर्धकाने ‘क’ आधीच बोलून दाखविले असते, आणि ते काही झाले तरी पुसायचे नाही असा नियम असता, तर गोष्ट पालटली असती. मग ‘क’ ची किंमत एक-चतुर्थांशच राहिली असती आणि ‘ड’ ची तीन-चतुर्थांश झाली असती. डोळ्यांना दिसणारे सारखेच, उरलेली दोन उत्तरे. पण ती कोणत्या रीतीने उरली यावर त्यांचे मोल ठरते. म्हणूनच दलालाने वानगी आणून दाखविली असता आपण विचारतो, ‘कोणत्याही पोत्यातून काढली, की निवडून काढली?’

परीक्षागृहात पुसणारा संगणक नसतो. मुलाची स्वतःची बुद्धीच उत्तरे बाद करीत असते आणि तिचीही चूक होऊ शकते. मुलाने दोन उत्तरे बाद केली. अशा दहा प्रसंगांपैकी आठांतच खरे उत्तर उरलेल्या जोडीत असते असे धरा. मग प्रत्येकाचा संभव शंभरांत ५० नसून ४० होतो, आणि जेईईतील सरासरी नफा दीड गुणावरून एका गुणावर येतो. दहांपैकी चारच प्रसंगांत खरे उत्तर जोडीत असेल, तर नफा शून्य. प्रश्न काढणारे अनुभवी असतात. मुले ज्या चुका हमखास करतात त्यांची उत्तरे ते मुद्दाम पर्यायांत ठेवतात. त्यामुळे अर्धवट येणाऱ्या प्रश्नात ‘हेच असावे’ असे जे मोहक उत्तर डोळ्यांपुढे येते, ते आंधळ्या अंदाजाहूनही वाईट ठरू शकते.

यावर उपाय आपल्या खतावणीचाच आहे. मुलाने सरावाच्या प्रत्येक पत्रिकेत उत्तरापुढे तीनपैकी एक खूण करावी : पक्के, दोहोंतून एक, नुसते मनाला वाटले. उत्तरपत्रिका तपासल्यावर प्रत्येक खात्याची बाकी निराळी काढावी. समजा, सी. ए. फाउंडेशनच्या सरावात दुसऱ्या खात्यात ६० उत्तरांपैकी ३३ बरोबर आली. तर दंड वजा जाता सव्वासव्वीस गुणांचा लाभ आहे. तिसऱ्या खात्यात ४० पैकी ७ च बरोबर आली, तर सव्वा गुणाचा तोटा आहे. अशा मुलाला उपदेश करावा लागत नाही. दुसऱ्या खात्याचा माल विकावा आणि तिसऱ्याचा हात आखडावा, हे त्याची वहीच सांगते. दहा पत्रिकांची ही वही कोणत्याही गुरुजींच्या सरसकट सल्ल्यापेक्षा मोलाची, कारण ती त्याच मुलाची असते. आणखी एक भ्रम या वहीने दूर होतो. मागची चार उत्तरे ‘क’ आली म्हणून पाचवे ‘क’ नसणार, ही समजूत निराधार आहे. मागील चार गिऱ्हाइकांनी उधारी मागितली म्हणून पाचवा रोख देईलच असे थोडेच असते!

भांडवल आणि सौदा

इतके झाल्यावरही एक गोष्ट उरते. अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे या शाळेत मध्यान्ह भोजन शिजविणाऱ्या गृहिणी; त्यांना त्या कामाचे महिना १,५०० रुपये मिळत. २०१९ साली त्यांनी याच कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकले आणि सात कोटींच्या प्रश्नावर खेळ थांबविला. त्या ठिकाणी उत्तर चुकले असते तर रक्कम ३,२०,००० वर आली असती. केवळ सरासरी पाहिली तर डोळे मिटून दिलेल्या उत्तराची किंमतही १ कोटी ७७ लाख ४० हजार निघते, म्हणजे हातातील कोटीपेक्षा अधिक. तरीही त्यांचा निर्णय शहाणपणाचा होता, असे कोणताही जुना व्यापारी सांगेल. नीटचे १८० प्रश्न हे १८० लहान सौदे आहेत. तेथे सरासरीवर भिस्त ठेवता येते. सबंध संसाराचे भांडवल जेथे एकाच सौद्यात लागते, तेथे सरासरी कोणाच्या चुलीवर भाकरी भाजीत नाही.

आपल्या समाजात सट्ट्याला कमी लेखले जाते आणि ते योग्यच आहे. मग अंदाजाने उत्तर देणे हाही सट्टाच नव्हे काय, असे एका वडीलधाऱ्या सदस्यांनी मला विचारले होते. माझ्या अल्पमतीप्रमाणे भेद असा आहे : सट्टेवाल्याला साक्षीची पर्वा नसते, आणि अनुमान करणारा साक्षीवाचून पाऊल टाकीत नाही. जे ज्ञान आहे त्याचे वजन करणे, त्याप्रमाणे नियमात राहून निर्णय घेणे आणि फळ आले तर त्यातील नशिबाचा वाटा स्वतःच्या नावे जमा न करणे, यात अप्रामाणिक काही नाही. आपल्या स्याद्वादातील ‘स्यात्’ या शब्दाचा अर्थ ‘कदाचित्’ असा डळमळीत नसून ‘एका विशिष्ट अपेक्षेने’ असा आहे, हे आपण प्रवचनांतून ऐकतो. १९५४ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी आणि १९५७ साली ‘संख्या’ या नियतकालिकात जे. बी. एस. हाल्डेन यांनी सप्तभंगीचा विचार आधुनिक संख्याशास्त्राच्या अंगाने केला. स्याद्वाद म्हणजे संभाव्यतेचे गणित नव्हे. परंतु ‘कोणत्या अटीवर हे खरे?’ असे विचारण्याची सवय दोहोंत समान आहे.

या शास्त्रात आपली माणसेही मागे नव्हती. साताऱ्याकडील बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी शेतातील थोड्या तुकड्यांची कापणी करून पिकाचा अदमास काढण्याच्या पद्धती शास्त्रशुद्ध पायावर उभ्या केल्या. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५३ पासून पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभारला. आपल्या हैदराबादेत विद्यापीठाच्या आवारात ज्यांच्या नावाची संस्था आहे, ते सी. आर. राव २०२३ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, संख्याशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाचे मानकरी ठरले आणि त्याच वर्षी दिवंगत झाले.

सदस्य बंधु-भगिनींना शेवटी इतकेच विनवावयाचे आहे. यंदा मुलगा किंवा मुलगी गुणपत्रक घेऊन समोर उभी राहील, तेव्हा आकडा पाहण्यापूर्वी तिची सरावाची वही मागून घ्या. पक्क्या उत्तरांचे खाते वर्षभरात वाढले आहे काय, ते पाहा. ते वाढले असेल तर चार गुण कमी पडले तरी माल चांगला आहे असे समजा आणि तसे तोंडाने बोलून दाखवा. ते वाढले नसेल तर चार गुण अधिक पडले तरी पेढ्यांची घाई करू नका. शेजारी बसा आणि कोणते खाते रिकामे राहिले ते तिच्याबरोबर पाहा.